कांतीभाऊची बिनआगीची तोफ

फोन सकाळी आला. मी जळगावला गच्चीवर मुगाचे पापड वाळत घालत होते. धुळ्याहून भाचा बोलत होता. "आत्या, पप्पा गेले. झोपेतच." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? उरलेले पापड घातले, हात धुतले आणि मग जिन्यात बसून रडले. ऐंशी ओलांडलेला माणूस, झोपेत गेला, कुणाकडून सेवा करून घेतली नाही... लोक म्हणतात भाग्यवान. असेल. पण मला भाऊ एकच होता. शोकसभेत बरेच जण बोलले. सचोटीचा व्यापारी, मितभाषी, धर्मावर श्रद्धा असलेला. सगळं खरं. पण कांतीभाऊने एके काळी तोफ केली होती आणि ती माझ्या लग्नात वाजवली होती, हे एकही जण बोलला नाही. बोलणार कोण? बघणारे बहुतेक गेलेच. म्हणून मी लिहायला बसले आहे.

आमचं धुळ्यात भुसार मालाचं दुकान. पुढे दुकान, मागे अंगण, वर घर. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, इथे सगळं मराठीत सांगते. बाबूजी स्थानकवासी जैन, आणि नावापुरते नव्हेत. पाणी गाळून आणि उकळून, दिवस बुडाला की चूल बंद. सकाळी तोंडाला मुहपत्ती बांधून सामायिकाला, म्हणजे घटकाभर ध्यानाला बसायचे. तोंडातल्या गरम श्वासाने हवेतले जीव मरू नयेत म्हणून ती पांढरी पट्टी. अशा घरात दिवाळीला फटाका कुठला? एका लवंगीच्या माळेत किती किडे-पाखरं होरपळतात ते बाबूजी सांगायचे आणि आम्ही दोघं दुकानाच्या फळीवर बसून शेजाऱ्यांचे फटाके ऐकायचो. मला त्याचं काही नव्हतं, मला आवाजाची भीतीच वाटायची. भाऊचा मात्र जीव तीळतीळ तुटायचा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, चांगला मिसरूड फुटलेला, तरी कागदाची पिशवी फुगवून भिंतीवर फोडायचा आणि चोरून बाबूजींकडे बघायचा.

एकदा दुकानासमोर माल उतरवायला आलेल्या ट्रकचं टायर फुटलं. हमाल आडवे झाले, गिऱ्हाइकं पळाली, मी आईच्या पदरात घुसले. भाऊ तेवढा रस्त्यात उभा राहून हसत होता. "बाई," तो मला म्हणाला (आमच्यात बहिणीला बाई म्हणतात), "बघितलंस? आग नाही, दारू नाही. नुसती हवा!" त्या दिवसापासून त्याला खूळ लागलं. भंगारातून त्याने ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी आणली, विहिरीच्या पंपाचा जाड पाइप आणला. टाकीत हवा दाबून भरायची आणि खटका ओढला की ती एकदम पाइपातून सुटली पाहिजे, एवढीच त्याची तोफ. पण मधली झडप काही केल्या झटक्यात उघडेना. हळू उघडली की हवा नुसती निघून जायची. फुस्स! आमचा हमाल झिपरू पोतं पाठीवर घेऊन थांबायचा आणि म्हणायचा, "कांतीशेठ, तुन्ही तोफ तं फुसकी शे. बठ्ठी हवा वाया गयी!"

त्यात आणखी एक भानगड झाली. हवा भरायला ट्रकवाल्यांचा उभा पंप होता. त्या पंपात चामड्याचा वायसर असतो, हे कुणीतरी बाबूजींच्या कानावर घातलं. झालं! घरात चामडं चालणार नाही. भाऊने मुकाट्याने वायसर काढला आणि ट्यूबच्या रबराचा कापून बसवला. तो अर्धी हवा आत ढकलायचा आणि अर्धी बाहेर सोडायचा. टाकी भरता भरता दोन माणसं घामाघूम व्हायची. बाबूजी गादीवरून म्हणायचे, "गिऱ्हाईक उभं आहे आणि चिरंजीव पाइपात डोकं घालून बसलेत." पण अंगणातून टाकी फेकून द्या असं कधी म्हणाले नाहीत. ते स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात गेले की भाऊ खटका ओढून बघायचा. पुढे पुढे तोफ कधीमधी वाजायला लागली. कधी वाजेल आणि कधी रुसेल ते भाऊलाही सांगता यायचं नाही.

मग माझं लग्न ठरलं. सत्तरनंतरची ती वर्षं. मुलगा जळगावचा, आणि मला आवडला होता. स्पष्टच सांगते. त्या काळी मुलीने असं बोलायचं नसतं, पण आता या वयात माझं कोण काय वाकडं करणार आहे? बघायला आला तेव्हा सगळ्यांदेखत मला म्हणाला, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं कुणी विचारत नसे. साखरपुड्यात बाबूजींनी सांगून टाकलं, आमच्या दारात फटाका वाजणार नाही. पण आमचे काकासासरे... तेही जैनच, फक्त त्यांचं जैनपण चातुर्मासापुरतं. ते म्हणाले, "शेठजी, बार उडाला नाही तर लोक म्हणतील मयताला आलेत. बार नसेल तर आमची घोडी तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही." बाबूजी म्हणाले, "मग नका टाकू देऊ." दोघंही हट्टाला पेटलेले. पाहुणे जेवून गेले, पण तो विषय तिथेच लोंबकळत राहिला. पुढच्या आठवड्यात निरोप आला की बाराचं काय ते आधी ठरवा. आई चुलीपुढे डोळे पुसत होती. माझं लग्न एका सुतळी बाँबवर अडलं होतं, आणि मला ते व्हायला हवं होतं.

तेव्हा भाऊ बाबूजींपुढे जाऊन उभा राहिला. "माझी तोफ वाजवू." मी जवळच दारात धान्य निवडत बसले होते. म्हणजे सूप हातात होतं, निवडत काहीच नव्हते. बाबूजींनी विचारलं, "आग लागते?" "नाही." "चामडं?" "ते तुम्हीच काढायला लावलंत." "मग आत असतं काय?" "हवा." बाबूजींनी डोळे मिटले. "हवा म्हणजे वायुकाय. हवा हेच ज्यांचं शरीर, असे असंख्य जीव. त्यांना तू कोंडणार, दाबणार आणि फोडणार." भाऊचं तोंड एवढंसं झालं. बिचाऱ्याने आग टाळली, दारू टाळली, चामडं काढलं. आता हवाही काढली तर तोफेत राहणार काय, कपाळ? मग बाबूजींनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या सुपाकडे बघितलं. म्हणाले, "एकेंद्रिय जीव आहेत. संसारी माणसाकडून त्यांची हिंसा पुरती टळत नाही. एकदा वाजव. एकदाच. त्याचा एक उपवास मी करीन." भाऊ म्हणाला, "तोफ माझी, उपवास मी करतो." "परवानगी मी देतोय," बाबूजी म्हणाले आणि तो विषय संपवला. जळगावला निरोप गेला, बार उडेल.

लग्नाच्या दिवशी पंगत सूर्यास्ताच्या आत उठायला हवी, म्हणून वरात ऊन कलायच्या आधीच निघाली. मी वरच्या खिडकीत, नटूनथटून. वरात आमच्या कोपऱ्यावर आली आणि काकासासऱ्यांनी हात वर केला. बँड थांबला. "बार कुठाय, शेठजी?" भाऊने ओट्याखाली तोफ मांडली होती, तिला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याने खटका ओढला. फुस्स! सगळी वरात हसली, बँडवालेसुद्धा. भाऊ ओट्यावर उभ्या असलेल्या बाबूजींकडे बघायला लागला. बाबूजी म्हणजे शब्द दिला की दिला, आणि शब्द एकदाचाच होता. मला वाटलं, संपलं आपलं... बाबूजींनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. वरातीतल्या कुणाला काही कळलं नाही. आम्हाला कळलं. दोन उपवास.

पुन्हा हवा भरायची. भाऊ आणि झिपरू पंपावर आळीपाळीने लोंबकळले, पण तो रबरी वायसर! पाठीमागे ऊन खाली चाललेलं, आचारी दारात येऊन विचारून गेलेला. काकासासरे म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे? वळवा वरात." आणि तेवढ्यात नवरदेव घोडीवरून खाली उतरला. डोक्याला साफा, कमरेला तलवार. तलवार काढून एका बँडवाल्याच्या हातात दिली आणि पंपाचा दांडा धरला. काकासासरे ओरडले, "अरे, नवरदेव आहेस का हमाल?" ह्यांचं आपलं दांडा वर, दांडा खाली... साफ्याचं टोक सुटून मातीत लोळत होतं. मी खिडकीतून सगळं बघत होते. पुढे संसारात आमची भांडणं काय कमी झाली? पण तो पंप आठवला की मी भांडण अर्ध्यावर सोडायची, अजूनही सोडते.

भाऊने खटका ओढला. काही नाही. झडपेचं काय झालं बघायला तो खाली वाकला, आणि तेवढ्यात तोफ वाजली. काय आवाज म्हणायचा तो! पत्र्यावरची कबुतरं उडाली, दुकानातली मापं खाली पडली, आणि घोडी जी उधळली ती बँड फोडून सरळ आग्रा रोडकडे. बरं झालं वर कुणी नव्हतं. लोक टाळ्या पिटत होते, काकासासरे आ वासून उभे होते, आणि बाबूजी ओट्यावरून उतरून प्रत्येकाला विचारत फिरत होते, "कुणाला लागलं का? कुणाला इजा?" त्यांनी झिपरूला घोडीमागे पिटाळलं. घोडी पांझरेच्या काठी चरत होती, तिला खरचटलंही नव्हतं. तो निरोप येईपर्यंत बाबूजींनी नवरदेवाला दारात घेतलं नाही. भाऊलाही त्यांनी विचारलं. त्याने हसून मान हलवली, नाही. आमच्यात नवरदेव घोडीवर बसून दारावरच्या तोरणाला तलवार लावतो. घोडी तर नदीवर! मग ह्यांना ज्वारीच्या पोत्यावर उभं केलं. पंगत कशीबशी दिवस असताना उठली आणि माझं लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी माझी पाठवणी. घरात मिठाईची ताटं भरलेली आणि बाबूजी उकळलेल्या पाण्यावर. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाप लेकीच्या लग्नात उपाशी राहिला असं मनात आणू नकोस. परवा सगळं खाईन." मी जळगावला आले. भाऊने तोफ परत कधी वाजवली नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. मी चिडवायची, "काय रे, दारूगोळा संपला का?" तो हसायचा. टाकी अंगणात गंजली, तिच्यावर भाभी वाळवणाची ताटं ठेवायच्या. भाऊने दुकान सांभाळलं, मुलं शिकवली, बाबूजींच्या म्हातारपणी त्यांना हाताला धरून स्थानकात नेलं आणि आणलं.

बाबूजी गेले त्यानंतरच्या राखीला मी धुळ्याला गेले होते. राखी बांधली आणि त्याच्या डावीकडे बसून सासरचं काहीबाही सांगत होते. हा आपला समोर बघतोय. माझं डोकं फिरलं. "भिंतीशी बोलतेय का मी?" भाभी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "बाई, उजवीकडे बसा. त्या कानाने ह्यांना ऐकू येत नाही." मी विचारलं, "कधीपासून?" भाभींनी त्याच्याकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "तुझ्या लग्नापासून."

तो वाकला होता तेव्हा डावा कान पाइपाजवळ होता. बाबूजींनी "लागलं का" म्हणून विचारलं तेव्हा त्याला प्रश्न ऐकूच आला नव्हता. नुसते ओठ हललेले दिसले, सगळे खुशीत दिसले, म्हणून त्याने हसून मान हलवली. संध्याकाळी उजवा कान मोकळा झाला, डावा झाला नाही. नाशिकला जाऊन डॉक्टरांना गुपचूप दाखवून आला, ते म्हणाले आता काही होणार नाही. "मग बाबूजींना सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. तो म्हणाला, "बाई, एकच इंद्रिय असलेल्या जिवांसाठी त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं. मी तर पाच इंद्रियांचा. आणि परवानगी मी देतोय, असं ते बोलून बसले होते. माझ्या कानाचे किती उपवास केले असते? ते पुन्हा ताटाला शिवले नसते." एकाच घरात, एकाच दुकानात बापाबरोबर एवढी वर्षं काढली, आणि बापाला पत्ता लागू दिला नाही. गादीवर कायम त्यांच्या डाव्या हाताला बसायचा, म्हणजे उजवा कान त्यांच्याकडे. बाबूजींनी हाक मारली आणि ह्याने ओ दिली नाही असं एकदाही झालं नाही. मला रडू फुटलं आणि त्याचा रागही आला. माझ्या लग्नाचं मोल बाबूजींनी उपाशी राहून दिलं आणि बाकीचं ह्याने दिलं, आणि मी जळगावला मजेत! तो म्हणाला, "रडतेस काय? वाजली ना पण?"

परवा पुन्हा धुळ्याला जाऊन आले. समोरच्या खोलीत त्याची वेताची खुर्ची असते. ती तो डाव्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवायचा, म्हणजे त्या बाजूला कुणाला बसायला जागाच राहू नये. भेटायला येणाऱ्यांची सोय म्हणून सुनेने ती मधोमध, पंख्याखाली आणून ठेवली होती. मी खुर्ची ओढली आणि परत भिंतीला लावली. सून म्हणाली, "आत्या, तिथे वारा लागत नाही." मी म्हटलं, "नाही लागला तरी चालेल." आणि खुर्चीच्या उजवीकडे सतरंजी टाकून बसले.