अकराच्या आत

लालबागच्या आमच्या कार्यशाळेत रविवारी कुणीही बिघडलेली वस्तू आणावी आणि आमच्यापैकी कुणीतरी ती दुरुस्त करून द्यावी, अशी रीत आहे. त्या रविवारी मात्र मिक्सर, पंखे बाजूला ठेवून आम्ही तिघं गच्चीवर होतो. तिथे हौशी रेडिओची, म्हणजे दूरच्या माणसांशी बोलायच्या बिनतारी यंत्राची, अँटेना आहे. मधे उभा लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरलेली तांब्याची तार, एवढंच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटली होती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

अँटेना आणि केबलच्या जोडात पाणी शिरून रेडिओ तीन आठवडे मुका होता. रेडिओचं लायसन्स असलेले काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. दर रविवारी अकराला ते मालवणकडच्या एका मित्राशी बोलतात. तो मित्र पूर्वी दीपगृहावर नोकरीला होता. या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

"मग फोन करा ना काका," मी म्हटलं.

"फोनवर आम्हाला बोलताच येत नाही गं. दोघंही नुसते 'बरं, बरं' करतो."

वायरमन असलेल्या दादाने शिडीवर चढून सडलेली केबल कापली. काकांना मोतीबिंदू, म्हणून सोल्डरिंग माझ्याकडे आलं. वडील शिवडीच्या गोदामात माल उतरवतात. मी अजून शिकतेय, पण इंजिनिअर झालेच आहे असं ते चाळीत सांगतात. खरं तर कॉलेजच्या लॅबमध्ये एका टेबलाला आम्ही आठ जण, आणि सोल्डरिंगची कांडी माझ्या हाती आली होती दोनदा.

तरी टाका छान चकचकीत बसला. काकांनी तो बोटाने चाचपला आणि विचारलं, "टोपी कुठाय?"

टोपी म्हणजे कनेक्टरवरची फिरती रिंग. ती आधी केबलमध्ये ओवायची आणि मगच टाका मारायचा, कारण नंतर ती चढत नाही. ती माझ्या डाव्या मुठीत होती.

"कॉलेजात टोपी शेवटी घालतात वाटतं," शिडीवरून दादा म्हणाला.

"तू गप रे. तुझी गणपतीत राहिली होती," काका म्हणाले. "माझी तर दोनदा. काप पोरी, परत कर."

पावणेअकरा झाले होते. मी जोड कापला, टोपी ओवली, पुन्हा टाका मारला. केबल चार बोटं कमी झाली होती. दादाने कठड्याला घातलेला वळसा सोडवला, तेव्हा ती कशीबशी वर पोचली.

खाली खोलीत काकांनी रेडिओ लावला. आधी नुसती खरखर होती. मग तिच्यातून एक घोगरा आवाज वर आला. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, इंटरनेट नाही. काका म्हणतात, तो वर आभाळावर आपटून खाली येतो. मी रेडिओजवळ सरकले.

"खंय होतंस इतके दिस? मी हंयसर बोंबलतंय."

"अँटेना झोपली होती रे. आज एका मुलीने उठवली."

माझे कान तापले. लायसन्स नसलेल्याने बोलायचं नसतं.

दोघं जाळ्यात आलेल्या बांगड्यांवर, शेजाऱ्याच्या फणसावर बोलले. घशाचा विषय काकांनी काढलाच नाही. मित्रानेच काढला. "उद्या आवाज गेलो तर जाऊं दे. बोटां आसत मां." आणि आवाजाच्या जागी बारीक, तुटक पिपाण्या सुरू झाल्या. काही आखूड, काही लांब, जुन्या तारेच्या मोर्स लिपीतल्या.

काकांनी पेन्सिल घेतली आणि ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मोठी मोठी इंग्रजी अक्षरं उतरवत गेले. पिपाण्या थांबल्या. मी अक्षरं जुळवून वाचलं, "जेवलंस काय?"

काकांनी कपाटातून मोर्सची किल्ली, म्हणजे पिपाण्या वाजवायची दांडी, काढून जोडली आणि रुमालाने पुसली. पहिलंच अक्षर चुकलं. पलीकडून तेच अक्षर सावकाश, दोनदा आलं, शाळेत गिरवायला देतात तसं. काकांनी मान डोलावली आणि पुन्हा सुरुवात केली.