कोपरापर्यंत हिरव्या

शिराळ्याच्या बाजारात अख्तरबी लग्न होऊन आल्यापासून बांगड्या भरते. हात हातात आला की बाईचं घर तिला कळतं. नवऱ्याच्या माराची सूज तिनं पाहिलीय, चुलीचे चटके पाहिलेत. पण तोंडातून कधी ब्र काढला नाही. घरात नाक खुपसणारीकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कशाला येईल?

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यातच सुलाबाई आपल्या पूजाला घेऊन आली. पूजा अकरावीला, डॉक्टरकीच्या क्लाससाठी सांगलीला हॉस्टेलवर. पोरगी पार वाळली होती.

तिनं पूजाची लांब बाही वर सारली आणि थबकली. हातभर ओरखडे, एकाशेजारी एक. मांजराचे नव्हेत, पडूनझडून झालेले तर नव्हेतच; आपल्याच हातानं ओढलेले.

"मावशी, आईला सांगू नगा," पूजा पुटपुटली.

असाच हात अख्तरबीनं पूर्वी एकदा पाहिला होता, तानुबाईच्या पोरीचा. तेव्हा ती गप्प बसली आणि बांगड्या भरून मोकळी झाली. ती पोर दिवाळी बघायला राहिली नाही. आज गप्प बसणं तिला जमेना.

"सुलाबाई, हिकडं या. हात बघा पोरीचा."

सुलाबाईनं बघितलंसुद्धा नाही. वाकून हळूच म्हणाली, "ठावं हाय मला. उद्या सणाला पावनं येनार, म्हनून तर आनलंय. कोपरापतुर भरा, कुनाला दिसाया नगं."

अख्तरबीचं डोकंच फिरलं. "म्या न्हाई भरनार! आवं, डॉक्टरला दावा तिला, जवळ घिऊन बसा. चुलीत घाला त्यो क्लास!"

सणाच्या तोंडावर कुवार पोरीला रित्या हातानं उठवलं, म्हणून बाया कुजबुजू लागल्या. सुलाबाईनं पूजाला ओढतच समोरच्या दुकानात नेलं.

थोड्या वेळानं दोघी परत निघाल्या. पूजाचे हात कोपरापर्यंत हिरवेगार झाले होते. आई पुढं गेली, पूजा मात्र अख्तरबीच्या दाराशी थांबली. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायची रीत आहे. अख्तरबीनं एकही भरली नव्हती, तरी पूजा तिच्या पाया पडली.

एरवी अख्तरबी पोरींना चांगलं घर मिळू दे म्हणते. आज तिनं ते म्हटलं नाही.

"दिवाळीला ये गं बांगड्या भरायला," ती कशीबशी म्हणाली. "येशील न्हवं?"

आईनं हाक मारली, तशी पूजा निघून गेली.