एका हांडीची माणसं

आमच्या ओट्यावर मालापेक्षा किस्सेच जास्त साचतात. एटापल्लीत माझं किराणा दुकान. शाळा सातवीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडे कामाला छत्तीसगड-झारखंडचे मजूर येऊ लागले, तशी आमच्या वंदना सिस्टरनं दवाखान्यात त्यांची तपासणी ठेवली. मलेरियासाठी बोटाचं रक्त, जंतांसाठी डबीत संडासचा नमुना. दिवसभर कोणी फिरकलं नाही. मी म्हटलं, "बाई, मजूर दवाखान्यात येत नाई, मिठाले येते. टेबल माह्या ओट्यावर मांडा."

तेव्हापासून दर बाजाराला तांदळाच्या पोत्यांशेजारी रक्त तपासून राह्यलो आम्ही!

*

तरी मजुरांचे हात खिशातच. रिपोर्ट खराब आला की ठेकेदाराचा सुपरवायझर गावी धाडतो, ही भीती. मग मीच बोट पुढे केलं. सुई टोचताच असा ओरडलो की सगळे हसले. हसत हसत रांग लागली. त्या दिवशी मीठ, तेल, बिडी, सगळंच खपलं, हे वेगळं काय सांगू?

*

बुधराम हा एका टोळीचा मुकादम. सिस्टरनं त्याच्याजवळ माणशी एक डबी दिली. सकाळी तो एकच भरलेली डबी घेऊन आला. बाकीच्या चांगल्या झाकणाच्या, म्हणून त्यात हळद-मिरची भरून ठेवलेली!

"हांडी एक है बाई, तो पेट भी एक."

पोतंभर तांदूळ मूठभर दाण्यांवर पारखणारा मी. मला तर हे पटलं होतं. सिस्टर म्हणाली, "हांडी एक, पोटं अलग. नव्या डब्या घ्या."

*

रिपोर्ट आले. टोळीत काहींना जंत निघाले. सिस्टर सगळ्यांनाच गोळ्या वाटत होती, तेवढ्यात सुपरवायझर मोटारसायकलवरून उतरला.

"कोणाचे खराब आले? नावं द्या. त्याइले आजच गावी धाडतो."

बुधरामची मान खाली. सिस्टरनं समजावलं, नावं सांगत नसतात, गोळी घेतली की माणूस कामावर जाऊ शकतो. तो ऐकेना.

मग तिनं शांतपणे विचारलं, "साहेब, दुपारी जेवता कुठी?"

तो रोज बुधरामच्याच हांडीतलं जेवतो, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक.

सिस्टरनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली. "हांडी एकच आहे ना? चावून खा."

मी पाण्याचा गिलास पुढे केला. त्यानं गोळी चावली, पाणी प्यायला, अन् बुधरामकडे न पाहता म्हणाला, "उद्या टायमावर या. सगळेच."