खिशातली लाल कार्डं

माझ्या वहिनीला वजनकाटा लागत नसे. मूठभर वॉशर उचलून ती म्हणायची, "एकशे चार." मोजून बघावं तर एकशे चारच. पैज लावून हरलेले आमच्या कारखान्यात कमी नाहीत, मी त्यातला पहिला. सतरा वर्षं तिनं स्टोअर सांभाळलं. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, हे ती डोळे मिटून सांगायची, आणि कुणी उगाच जास्तीचे हातमोजे मागायला आला तर त्याची अशी काही फिरकी घ्यायची की बिचारा जुनेच घालून परत जायचा. हसायची मोठ्यानं. तिचं हसणं प्रेसच्या आवाजातूनही ऐकू यायचं, म्हणजे बघा.

त्या प्रेसवर माझा दादा, म्हणजे तिचा नवरा. पत्र्याचे तुकडे दाबून त्यांना आकार देणारं जुनं, अजस्र धूड होतं ते. पायाखालचं पेडल दाबलं की वरचा ठोकळा एकदा खाली येऊन वर थांबायचा. त्याला वर थांबवतो ब्रेक. ब्रेकचं लायनिंग झिजलं की ठोकळा थांबत नाही, न विचारता पुन्हा खाली येतो. आम्ही त्याला 'डबल मारणं' म्हणतो. लायनिंग बदलायचं काम माझं, कारण मी फिटर; ते स्टोअरात शिल्लक ठेवायचं काम वहिनीचं. दादाचे हात त्या ठोकळ्याखाली दिवसातून दोन हजार वेळा जायचे. ते शाबूत राहणं माझ्यावर आणि वहिनीवर होतं.

मग नवा साहेब आला आणि त्यानं कानबान नावाची जपानी पद्धत आणली. आमच्यातला एक जण पहिल्याच दिवशी म्हणाला, "कान दिला नाही तर बाण लागणार." सगळे खो-खो हसलो. पद्धत तशी वाईट नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू! प्रत्येक वस्तूचे तीन डबे, प्रत्येकाच्या तळाशी एक कार्ड: हिरवं, पिवळं, लाल. डबा उघडला की त्याचं कार्ड स्टोअरच्या दारातल्या मोठ्या फळ्यावर टांगायचं. पिवळं लागलं की खरेदीवाला माल मागवणार. लाल लागलं म्हणजे शेवटचा डबा उघडला, मग त्यानं सगळं सोडून मिळेल तिथून माल आणायचा. वह्या नाहीत, आरडाओरडा नाही, लांबूनच दिसतं. वहिनीला तर ते फार आवडलं. "माझं डोकं भिंतीवर टांगल्यासारखं वाटतं," म्हणायची.

पण साहेबाला लाल रंग सोसवेना. आम्ही त्याचं नावच हिरवा साहेब ठेवलं. दर सोमवारी सगळ्यांना फळ्यासमोर उभं करायचा आणि ज्या वस्तूचं लाल लागलंय तिचा जाब विचारायचा. कुणाला? खरेदीवाल्याला नाही, माल उशिरा पाठवणाऱ्याला नाही, वहिनीला! सलग तीन सोमवार ती उभी राहिली. तिसऱ्या सोमवारी चाळीस माणसांसमोर तो म्हणाला, "घरी पण मीठ संपल्यावरच आठवतं का तुम्हाला?" दोघं-तिघं हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंड उघडलं नाही. दादानं मान खाली घातली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरमध्ये गेलो. तिचे डोळे लाल झालेले. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही पण ना! टांगताच कशाला? लाल कार्ड खिशात ठेवा. दोन दिवसांनी माल येतोच, आला की कार्ड परत डब्यात. कुणाचं काय बिघडतंय?"

"फळ्याशी खोटं बोलायचं, भावजी?"

"फळ्याला काय कळतंय!"

हे शब्द माझे आहेत. माझेच.

फळा सुंदर दिसायला लागला. हिरवा, मधूनमधून पिवळा, लाल औषधालाही नाही. बाहेरची माणसं फोटो काढायला यायची आणि साहेब वहिनीला शेजारी उभं करायचा. तिच्या निळ्या कोटाचा उजवा खिसा मात्र फुगत चालला. कोट ती घरी काढेना. धुवायला टाकायच्या आधी खिसा रिकामा करायची, कार्डं मोजायची, कोट वाळला की पुन्हा भरायची. हसणं तर कधी बंद झालं ते कळलंही नाही. एकदा मी वॉशरची मूठ पुढे केली, म्हटलं, ओळखा. ती म्हणाली, "नको. चुकेल."

मला वाटायचं, खिशात असतील नटबोल्टांची, फडक्यांची कार्डं. माझ्या डोक्यात ते तेवढंच होतं.

एका सोमवारी दुसऱ्या प्रेसला लायनिंगचा शेवटचा जोड लागला. तो माझ्या जोडीदारानं बसवला, मी तेव्हा रंगखात्यात होतो. फळ्यावर लायनिंगचं पिवळं राहिलं आणि लाल वहिनीच्या खिशात गेलं. माल बुधवारी येणार होता, बुधवारी फोन आला की शनिवारी. त्या रात्री भांडी घासताना ती म्हणाली, "भावजी, ते लायनिंग आहे ना..."

मी दमलो होतो. "घरात स्टोअर नको हो वहिनी," मी म्हणालो आणि झोपायला गेलो. ती पुन्हा बोलली नाही.

गुरुवारी सकाळी दादानं मला हाक मारली. "अरे, आज एकदा डबल मारली हिनं." मी लांबूनच फळ्याकडे बघितलं. पिवळं. म्हणजे एक डबा शिल्लक. ज्या फळ्याला खोटं बोलायला मी शिकवलं, त्याच्यावर मीच डोळे झाकून विश्वास ठेवला. मूर्खपणाला काही सीमा? म्हणालो, "शनिवारी मशीन बंदच असतं, तेव्हा बदलतो. तोवर हात सांभाळ."

शुक्रवारी पावणेअकराला प्रेसनं डबल मारली. दादाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

आठ दिवसांनी चौकशी बसली, दादा तेव्हा दवाखान्यातच होता. साहेबानं त्या दिवशीच्या फळ्याचा फोटो टेबलावर ठेवला. लायनिंगचं लाल लागलेलं नाही, म्हणजे माल स्टोअरमध्ये होता. फिटरकडे लेखी तक्रार नाही. म्हणजे ऑपरेटरनं लायनिंग मागितलं नाही आणि मशीन तसंच चालवलं. चूक ऑपरेटरची. नोकरीवरून कमी करावं.

दादानं मला तोंडी सांगितलं होतं, हे सांगायला तिथे एकच माणूस होता. मी बुटांकडे बघत उभा राहिलो. माझ्या तोंडाला कुलूप लागलं, असं लोक म्हणतात ना, तसं नाही. तोंड उघडंच होतं, भीतीनं आवाज फुटत नव्हता.

वहिनी पुढे आली. खिशातून कार्डं काढून तिनं टेबलावर मांडली. नऊ लाल. "लायनिंग नव्हतं," ती म्हणाली. "यांनी मागितलं असतं तरी मिळालं नसतं. चूक यांची नाही, माझी आहे."

साहेबाचा चेहरा पांढराफटक. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मोजून बघितल्यासारखं. मग म्हणाली, "सतरा वर्षं स्टोअर बघतेय. मला कोण शिकवणार?"

जिन्यात मी तिला गाठलं. "वहिनी, मी जाऊन सांगतो." ती थांबली नाही. "एका घरातले किती जण घरी बसवू, भावजी?" एवढंच म्हणाली.

तिला त्याच दिवशी काढलं. दादाला फाटकावर बसवलंय. आलेल्या गाड्यांचे नंबर डाव्या हातानं लिहितो, वेडेवाकडे. माझं बरं चाललंय, माझी तर बढतीही झाली.

दादा वहिनीशी बोलत नाही. एका ताटात जेवणारी ती दोघं, आता तो पाणीसुद्धा माझ्याकडे मागतो. काल जेवताना म्हणाला, "बायकोनं खिशात घातलं. तू तरी सख्खा भाऊ निघालास."

वहिनी समोरच वाढत होती. तिचा हात थांबला नाही. मी मान डोलावली आणि दादाच्या डाव्या हातात घास करून दिला.