देवीच्या तलंगेचा डोळा

पळसदरीच्या खालच्या वाडीत धोंडूबाई राहायची तेव्हा बोरघाटातली आगगाडी नवी होती. शिटी झाली की बायका हातातलं काम टाकून बघायच्या. धोंडूबाई नाही. "ती काय आपल्या दारात थांबतेय?" म्हणायची. तोंडाची फटकळ, हाताला विसावा नाही. लग्नाला वर्षं लोटली तरी कूस उजवली नव्हती, आणि वाडी तिला ते विसरू देत नव्हती.

भिंतीपलीकडे धाकटी जाऊ, हिरू. हिरूची दोन बाळं पाळण्यातच गेली. तिसऱ्या खेपेला धोंडूबाईने कुणाला न सांगता गावदेवीपुढे पदर पसरला. पोर जगू दे, काळी तलंग देईन. मुलगा झाला, जगला. आणि पाचवीच्या पूजेला हिरूने सांगून धाडलं, "जाऊबाईंना नगं. वांझेची नजर नगं." धोंडूबाईने ते ऐकलं, फार लागलं तिला. पण नवस देवीशी बोललेला, हिरूशी थोडाच? चुकला तर देवी राग पोरावरच काढणार, या धास्तीने तिला घास उतरेना.

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. धोंडूबाईची काळी कुळकुळीत, एक पांढरं पीस दाखवा! हिरूचा सव्वा महिना सरला, नवसाचा मंगळवार ठरला, आणि नेमका तलंगेचा उजवा डोळा सुजला. पापण्या चिकटल्या, पिवळं पाणी गळायला लागलं. देवीला खोड असलेलं चालत नाही. काणी कोंबडी नेली तर भगत देवळातून हाकलणार.

"दिष्ट लागली," धोंडूबाई म्हणाली. मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि तिथेच चुलीत टाकल्या. झालं! नवरा आबाजी ठसकत बाहेर पळाला, तलंगेचा चांगला डोळाही गळायला लागला.

"अगं, डोळं आलेल्याला मिरचीची धुरी?" आबाजी ओटीवरून ओरडला. "धन्य हाय गं तुजी!"

मग बाई ताळ्यावर आली. तलंग धुरापासून लांब, पडवीत बांबूच्या डालग्याखाली ठेवली. मिठाच्या कोमट पाण्यात चिंधी भिजवून पापण्या शेकल्या आणि हलक्या बोटाने दाबलं, तशी घट्ट दह्यासारखी गाठ बाहेर आली. गाठीत भाताचं कुसळ होतं. दोन्ही वेळेला ती डोळा धुवायची, आणि दिसत नाही म्हणून कण्या हाताने भरवायची. सूज उतरली, लाली मात्र हटेना. त्यावर बायकांचा ठरलेला उपाय अंगावरच्या दुधाचा. पोरांचे डोळे आले की तेच घालतात. पण वाडीत अंगावर पाजणारी एकटी हिरूच.

धोंडूबाई करवंटी घेऊन निघाली, परत आली, पुन्हा निघाली. हिरूने तिला बघताच पोर पदराखाली झाकलं.

"वाईच अंगावरचं दूध दे गं. कोंबडीच्या डोळ्यात घालायचं हाय."

"माज्या लेकराच्या तोंडचं, आन् कोंबडीला? जनाची नाय, मनाची तरी ठेवा, जाऊबाई!"

धोंडूबाईच्या जिभेवर शिव्या आल्या. तिने त्या गिळल्या. "कोंबडी माजी नाय, देवीची हाय. तुजं पोर जगावं म्हणून बोललेली. मला पाचवीला बोलवलं नायस, नगं बोलवू. पण नवस राहिला तर भोगायचं त्यानं."

धोंडूबाई रिकामी करवंटी घेऊन घरी आली आणि डालग्याशी बसून रडली.

उन्हं कलताना हिरू पडवीत आली. "धरा तिला नीट," म्हणाली आणि डोळ्यात सरळ धार सोडली. तलंगेने मान झटकली, दूध धोंडूबाईच्या तोंडावर उडालं. मंगळवारपर्यंत हिरू रोज आली.

मंगळवारी सगळी मंडळी शिवेवरच्या देवळात जमली. लडकू भगताने डोळा उजेडाला धरला. बुबुळावर पुसटसं पांढरं फूल उरलं होतं. "खोड हाय," तो म्हणाला.

"तुमी कोन ठरवनार? देवीला इचारा," हिरू मागून म्हणाली.

रीत अशी, की पुढ्यात तांदूळ टाकायचे. पाखराने टिपले तर देवीने घेतलं. लडकूने दाणे मुद्दाम दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला टाकले. तलंग उभीच. धोंडूबाईला वाटलं, बुडालो. इतक्यात तलंगेने मान वाकडी केली, एक दाणा टिपला, दुसरा टिपला आणि मग अधाशासारखे सगळेच.

"घेतलं," लडकू म्हणाला.

सुरी फिरली तेव्हा धोंडूबाईने तोंड फिरवलं. हाताने भरवलेलं जित्राब, जीव तुटतोच. नवसाचं घरी न्यायचं नसतं, म्हणून देवळामागेच रस्सा शिजवला आणि पानं मांडली. धोंडूबाई भाकरी मोडणार, तोच हिरूने पोर तिच्या मांडीवर दिलं.

"धरा. मला जेवू द्या."

धोंडूबाईचे हात वरच राहिले. "अगं, माजी नजर..."

"लागंल तवा बगू. आदी मान सावरा त्याची."

धोंडूबाईने मान सावरली. तिचं पान तसंच निवून गेलं.