गुरूची ढास

सायरबाईंकडे श्वासाची विद्या शिकलेल्या मुली चौथ्या कडव्यापाशी हटकून खोकतात. कुणी पाहुणा हसला, तर खारिया गावातल्या बायका त्यालाच वेड्यात काढतात.

सायर मारवाडातल्या नाथपंथी घरची सून. श्वासाची विद्या सांगणारी या घराण्याची वाणी कधी कागदावर उतरली नाही. गुरूने शिष्याच्या कानात सांगायची, शिष्याने ती गुरूच्या कानात परत म्हणायची, तेव्हाच ती त्याची. सासरे पेमनाथ रोज पहाटे वाणी म्हणत बसत. मुलाला तिची गोडी नव्हती, तो सुरतेला कापडाच्या धंद्यात गेला. सायर मात्र बाजरी दळता दळता कान देऊन ऐके. पण सासऱ्यांपुढे घुंघट आणि तोंडाला कुलूप, ही तिथली रीत. सबंध संसारात ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

मग पेमनाथांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. गुरुबंधू हरजीनाथ धावत आले.

"संपलं रे, पेम्या. गुरूंचं धन आता तुझ्याबरोबरच जाणार."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सायरला ते बघवेना. घुंघटाआडून ती हलकेच हरजीनाथांना म्हणाली,

"काका, मला येते सगळी."

"येते? दिली कुणी?"

"कुणी नाही. ऐकली."

"मग ती चोरीची, सूनबाई. त्यातून जात्याच्या घरघरीत ऐकलेली. निम्मं पीठ, निम्मा कोंडा."

पेमनाथांनी कशीबशी मान वळवली आणि उजवा कान पुढे केला. सासऱ्याच्या कानाशी सुनेचं तोंड! तरी सायर वाकली आणि म्हणू लागली. चौथ्या कडव्यात, श्वास कोंडायचा तिथे, ती थांबून खोकली.

हरजीनाथ सरसावून बसले. "हे कुठून आणलंस?"

"मामंजी तिथे खोकतात. रोज."

"अगं, पेम्याला कुठला खोकला? दमा आमच्या गुरूंना होता. तिथेच त्यांना ढास लागायची. मी शहाणपणा करून ती गाळली, मग हळूहळू शब्दही गळत गेले. या वेड्याने जपली."

पेमनाथ हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण मनापासून. धड हात उचलून त्यांनी सुनेच्या डोक्यावर ठेवला.

"जिने खोकलासुद्धा सांडला नाही, ती शब्द काय सांडणार?" एवढं बोलून हरजीनाथ उठले, सायरपुढे वाकले आणि नाथाने नाथालाच करायचा तो नमस्कार केला.

"आदेश."

सासऱ्यांच्या देखत, साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सायरने उत्तर दिलं, "आदेश."