सुमनताई बसल्या

जपानात, कोबेच्या ट्रेनमध्ये डबा रिकामा असला, तरी सुमनताई उभ्याच राहायच्या. नव्या नव्या आल्या तेव्हा एकदा त्या बसल्या आणि शेजारचा माणूस नम्रपणे उठून पलीकडे गेला. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. वरून मात्र हसायच्या, "अगं, मी बसले की बाकाचं कल्याण!"

त्यांना जरा घराबाहेर काढावं म्हणून मी एका संग्रहालयात घेऊन गेले. मी तिथे दुभाषी होते. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या अरावाक आदिवासींचं प्रदर्शन होतं. ताडपानांनी शाकारलेली, भिंती नसलेली झोपडी, आत टांगलेल्या झोळ्या. एकही खिळा नाही, सगळं वेलींनी बांधलेलं. ती उभारायला तिकडून अ‍ॅग्नेसआजी आल्या होत्या. त्यांनी स्वतः विणलेली मातापी तुळईला टांगली होती, म्हणजे माणसाएवढी लांब वेताची नळी. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, त्याची कडू जात विषारी असते. तिचा कीस नळीत भरायचा, खालच्या फासात दांडा अडकवायचा आणि दांड्यावर बसायचं. नळी ताणली की आवळते आणि विषारी रस गळून जातो.

प्रात्यक्षिकाला बटाट्याचा कीस होता. शाळेची मुलं जमली. संग्रहालयात काम करणारी सडपातळ ओनो-सान दांड्यावर बसली. एक थेंब नाही! मुलं चुळबुळू लागली.

"जुनी झालीय. उद्यापासून काचेत ठेवू," संग्रहालयाचे साहेब म्हणाले.

मी आजींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "जुनी? आत्ता तर विणलीय! आमच्याकडे हिच्यावर दोघी-तिघी बसतात."

सुमनताईंनी पदर खोचून ओनो-सानला हातानं खुणावलं. "इतक्या लांबून आणलीय बिचारीनं, ती काय काचेत ठेवायला? सरक."

आणि बसल्या. तुळई करकरली. साहेब धावले, आजींनी हात आडवा धरून त्यांना थोपवलं. नळी बारीक बारीक होत गेली आणि परातीत रसाची धार लागली!

"सुगोई!", म्हणजे "भारीच!", म्हणत मुलांनी हॉल डोक्यावर घेतला. आजी ताईंना बिलगून म्हणाल्या, "घरी हिच्यासारखी एक असती, तर माझे निम्मे कष्ट वाचले असते."

साहेबांनी कमरेत वाकून विचारलं, "सुमन-सान, उद्याही याल ना?"

परतीच्या ट्रेनमध्ये दोन माणसांच्या मधोमध जागा होती. ताई सरळ जाऊन ऐसपैस बसल्या. शेजारचे गृहस्थ अंग चोरून सरकले. ताई त्यांच्याकडे बघून छान हसल्या आणि मला मोठ्यानं म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? ये, होते जागा."